चामडं शिवताना



लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "आपल्याकडे चामड्याला शिवायचं नाही." मी सांगलीकडची, माहेरीही हीच रीत, त्यामुळे वेगळं काही वाटलं नाही. पर्स कापडाची, चप्पल रबराची, यांच्या घड्याळाचा पट्टा स्टीलचा. आणि गेल्या भाद्रपदात, तेही दशलक्षण पर्वात, मी चामड्याला शिवले. नुसती शिवले नाही, दोन सुया घेऊन चामडं शिवलंसुद्धा. मंदिरात दोघीतिघींनी "खरं का गं?" म्हणून विचारलं. अर्धवट ऐकण्यापेक्षा पूर्ण वाचलेलं बरं, म्हणून लिहिते.

माझी लेक मुंबई पोलिसांत उपनिरीक्षक आहे. जैनांची मुलगी पोलिसात कशी, हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारून झालाय की उत्तर पाठ आहे. २६ नोव्हेंबर २००८ ला ती आठ वर्षांची होती. आमच्या ठाकूरद्वारहून गिरगाव चौपाटी पायी पंधरा मिनिटांवर. त्या रात्री तिथे तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलीची नळी हाताने धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि तो जिवंत पकडला गेला. दुसऱ्या वर्षी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. त्यांच्या हातात लाठीच होती, हे ऐकल्यावर लेकीने विचारलं होतं, "आई, त्यांच्याकडे बंदूक का नव्हती?" मला उत्तर देता आलं नाही. ती मोठी झाली, परीक्षा दिली, नाशिकच्या पोलीस अकादमीतून बाहेर पडली.

आम्ही अडवलं नाही. आपल्या शास्त्रात हिंसेचे चार प्रकार सांगितलेत : संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाने संकल्पी हिंसा सोडायचीच, बाकीच्या तिन्हींत जपून वागायचं. दुबळ्याच्या रक्षणासाठी शस्त्र उचलावं लागलं तर ती विरोधी. सासूबाईंनीही हे मान्य केलं. अट एकच घातली, चामडं उंबऱ्याच्या आत यायचं नाही. म्हणून तिचे बूट, पट्टा आणि पिस्तुलाचं होल्स्टर चाळीच्या गॅलरीतल्या लाकडी पेटीत राहायचं. पिस्तूल ड्युटी संपली की ठाण्यातच जमा होतं; घरी येतं ते रिकामं होल्स्टर. सासूबाई त्याला "ती पिशवी" म्हणतात.

गणपतीच्या आठ दिवस आधी ती न्हाऊन आली आणि पाठमोरी उभी राहून केस पुसत होती. परकराच्या वर, उजव्या बरगडीखाली, हाताच्या तळव्याएवढा काळानिळा डाग. मी घाबरलेच. ती म्हणाली, "होल्स्टर टोचतं गं. दोन महिने झाले."

दोन महिने! "सांगितलं का नाहीस?"

"चामड्याचं नाव काढलं की तू गप्प होतेस, म्हणून."

यावर मी खरंच गप्प झाले.

मग तिने पट्टा लावून दाखवलं. ही होल्स्टरं पुरुषांच्या अंगाच्या बेताने केलेली. बाईची कंबर आत आणि त्याखाली कुल्ला बाहेर. त्यामुळे होल्स्टरचं खालचं टोक बाहेर ढकललं जातं आणि वरची मूठ आत, थेट बरगडीत. शिवाय ते बसतंही फार वर; हात खांद्यापर्यंत मुडपल्याशिवाय पिस्तूल निघत नाही. तोंडाशीही घट्ट. तेवढं बाहेर काढायला दोन झटके लागायचे. विसर्जनाच्या गर्दीत असं होल्स्टर घेऊन उभं राहायचं म्हणजे तिलाही धोका आणि लोकांनाही.

नायलॉनचं घ्यायचं ना, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. तिने एक वापरून पाहिलं होतं. ते इतकं मऊ की पिस्तूल काढलं की तोंड मिटून जाई, परत ठेवताना दुसरा हात लागे. चामड्याचं घेऊन झालं होतं, ते फेकून काही तो जीव परत येणार नव्हता. सुधारून घेणं हाच मार्ग. तिने साहेबांची परवानगी घेतली.

मी होल्स्टर प्लास्टिकच्या पिशवीत घालून नाक्यावरच्या चांभारदादांकडे नेलं. पिशवी दोन बोटांत धरली होती. ते हसून म्हणाले, "ताई, आता वास नाही येत त्याला." त्यांनी उलटसुलट करून पाहिलं, काम होईल म्हणाले, पण ते गणपतीला गावी निघाले होते, परत येणार विसर्जनानंतर. "तुमचा हात शिवणाचा आहे ना? मग घरीच करा." दहा मिनिटांत त्यांनी दोन सुयांचा टाका दाखवला, एक आरी आणि जाड नायलॉनच्या दोऱ्याचं रीळ दिलं. मी ते घेऊन आले आणि गॅलरीतल्या पेटीत टाकून दिलं. दुसरा कुणी चांभार शोधू, असं मनात होतं.

पंचमीला पर्व बसलं. तिसरा दिवस उत्तम आर्जवाचा. आर्जव म्हणजे सरळपणा; मनात एक, बोलण्यात एक, करण्यात तिसरं असं नसणं. त्या दिवशी स्वाध्यायात कृत, कारित आणि अनुमोदना हा विषय निघाला. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि केलेल्याला मान डोलावणं. बंध तिन्हींना आहे. लहानपणापासून ऐकलेलं, पण त्या दिवशी मला पिशवी धरणारी माझीच दोन बोटं दिसत राहिली. चांभाराने शिवलं असतं तर माझे हात स्वच्छ राहिले असते. पण करवलं कुणी असतं? मीच. पैसे देऊन.

घरी येताना श्रवणबेळगोळ आठवलं. बाहुबलींच्या पायाशी मराठी शिलालेख आहे, तुमच्यापैकी बहुतेकींनी पाहिला असेल. मूर्ती चामुंडरायाने 'करवियले', असं त्यात म्हटलंय. करवियले म्हणजे करवून घेतली. ५७ फुटांचा तो दगड ज्यांनी छिन्नीने घडवला त्यांचं नाव त्या ओळीत नाही. हजार वर्षं पुण्य आपण करवणाऱ्याच्या नावावर मांडत आलो. मग पापाच्या वेळीच करवणारा मोकळा कसा? आणि चामुंडराय गंगांचा सेनापती. त्याच्या तलवारीची म्यान कशाची होती, हे आपण कधी विचारलं नाही.

मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, होल्स्टर मी स्वतः शिवणार. "पर्वात?" एवढंच विचारलं त्यांनी. विसर्जन चतुर्दशीला आहे, त्याआधी व्हायला हवं, मी म्हटलं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी अडवणार नाही. पण माझं अनुमोदनही नाही." मला राग आला नाही. त्यांनी अनुमोदनेचा अर्थ माझ्याहून बरोबर लावला होता.

आता प्रत्यक्ष काम. सकाळची पूजा आणि स्वयंपाक उरकून दुपारी गॅलरीत जुन्या चटईवर बसायचं, काम झालं की न्हाऊन कपडे बदलूनच आत यायचं, असं ठरवलं. नवं चामडं विकत आणायचं नाही, हा पहिला नियम. लेकीचा अकादमीतला फाटका पट्टा होता, तोच कापला.

आधी चामडं कोणत्या जातीचं ते पाहिलं. आतल्या खरबरीत बाजूवर पाण्याचा थेंब टाकायचा. हिरडा, बाभळीची साल अशा झाडपाल्याने कमावलेलं असेल तर थेंब शोषला जातो आणि जागा गडद होते. क्रोमच्या रसायनाने कमावलेलं सहसा पाणी लवकर पीत नाही, आणि कापलेली कड बहुतेक वेळा निळसर करडी दिसते. ते पाण्याने नीट आकार घेत नाही. आमचं पहिल्या प्रकारचं निघालं.

खरं पिस्तूल घरी आणायचं नव्हतं, आणायचं नसतंच. लेकीने ठाण्यात कागदावर त्याचा आकार उतरवून घेतला, जाडी मोजली, आणि सुताराने त्या मापाचा सागवानी ठोकळा करून दिला. होल्स्टर कोमट पाण्यात दोनेक मिनिटं बुडवलं. कडकडीत पाणी नको, चामडं आकसून कडक होतं. ठोकळ्याला पातळ प्लास्टिक गुंडाळून तो आत बसवला आणि अंगठ्याने, चमच्याच्या पाठीने दाबत आकार आणला. मग सावलीत एक दिवस आणि एक रात्र. उन्हात ठेवलं तर तडे जातात.

दुसऱ्या दिवशी पट्टा ओवायची मागची पट्टी ब्लेडने टाके कापून सोडवली. मधे जुन्या पट्ट्याचा दुहेरी तुकडा जोडून होल्स्टर दीड इंच खाली उतरवलं. त्याच्या मागे तीन थरांची पाचर, कानसीने तासून वर जाड आणि खाली पातळ, म्हणजे मूठ बरगडीपासून बाहेर झुकते. भोकं सारख्या अंतरावर यावीत म्हणून जेवणाच्या काट्याचे दात दाबून खुणा केल्या आणि आरीने टोचल्या. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुई, प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून. त्यामुळे एक टाका तुटला तरी शेजारचे सुटत नाहीत.

दोऱ्याला मेण लावावं लागतं. चांभारदादांचं मेण मधमाश्यांचं. मध ज्यांना वर्ज्य त्यांनी ते कसं वापरायचं? साधी पॅराफिनची मेणबत्ती घासली, काम झालं. चिकटवायला सरस वापरतात, तो हाडांचा-कातड्याचा. मी रबर सोल्युशन घेतलं. सासूबाई दारातून पाहत होत्या. "चामडं चालतं आणि मेण चालत नाही होय?" त्यांचं बरोबर होतं. पण एक दोष पत्करला म्हणून उरलेलेही पत्करायचे, असं कुठे आहे?

एक गोष्ट मुद्दाम सांगते. तोंड फार मऊ करायचं नाही, तेल पाजायचं नाही. चामडं लोंबून चापाच्या कडीत शिरलं तर पिस्तूल ठेवताना गोळी सुटू शकते. चाप पूर्ण झाकलेला राहिला पाहिजे. म्हणून शिवून झाल्यावर लेकीने ते शस्त्रागारातल्या जाणकार हवालदारांना दाखवलं, त्यांनी रिकाम्या पिस्तुलाने शंभरदा काढघाल करून पाहिली, मगच वापरलं.

त्या ठोकळ्याचीही एक गोष्ट झाली. दिराच्या नातवाने तो गॅलरीतून उचलला आणि सासूबाईंवर रोखून "ठो!" केलं. घरात शांतता पसरली. यशोधर राजाची कथा आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. नुसत्या पिठाचा कोंबडा बळी दिला, तरी त्या संकल्पापायी जन्मोजन्मी भोगावं लागलं. मी लगेच ठोकळा सुताराकडे नेऊन त्याच्या पाचरी करून घेतल्या. आता त्या दाराखाली लागतात.

अनंत चतुर्दशी. आमचा उपवास, अभिषेक, आणि लेकीचा चौपाटीवर बंदोबस्त. दिवसभर रस्त्यावरून ढोल-ताशे. संध्याकाळी आरतीला उभी राहिले तर मृदंग वाजत होता. इतकी वर्षं त्या तालावर टाळी दिली, त्यावर काय ताणलेलं असतं हे माहीत असून. रात्री दोन वाजता सासूबाईंनी अंथरुणातून विचारलं, "आली का?" तीन वाजता पुन्हा. ती दुसऱ्या दिवशी अकराला आली. पाय सुजलेले, आवाज बसलेला. होल्स्टर गॅलरीतल्या पेटीत ठेवलं, न्हायली आणि झोपली. मी पांघरूण घालताना बरगडी पाहिली. जुना डाग पिवळा पडत चालला होता, नवा नव्हता.

चामडं विरोधी हिंसेत बसतं, असं मी म्हणत नाही. ते बसत नाही. मी प्रायश्चित्त म्हणून एक उपवास जास्तीचा केला आणि पुढचं होल्स्टर नियमात बसलं तर कडक प्लास्टिकचं घ्यायचं, हे आम्ही दोघींनी ठरवलंय.

क्षमावाणीला आधी लेकीची क्षमा मागितली, त्या दोन महिन्यांबद्दल. ती म्हणाली, "चल गं," आणि हसली. मग मंदिरात नेहमीप्रमाणे सर्व जीवांची. दरवर्षी मी ते तोंडपाठ म्हणते, आणि 'सर्व जीव' म्हणताना डोळ्यांसमोर कुणीच नसतं. या वेळी एक होता. म्हैस होती की बैल, मला माहीत नाही. पण त्याच्या पाठीच्या कातड्यावर कुठे एक जुना ओरखडा होता, ते मला माहीत होतं. पाचरीच्या अगदी शेजारी. शिवताना त्यावरून बोट फिरलं होतं.

तुम्हा सर्वांनाही उत्तम क्षमा.