मनगट आणि मूठ

सायकल चालवणे हे पायांचे काम, असा सर्वसाधारण समज आहे. त्यात हातांचा वाटा केवढा, हे मनगट दुखू लागेपर्यंत ध्यानात येत नाही. बंगळूरच्या इंदिरानगरात स्थायिक झालेल्या एका निवृत्त मराठी गृहस्थांना ते संधिवाताने शिकवले. शंभर फुटी रस्त्याची वर्दळ टाळून, ‘मेन’ आणि ‘क्रॉस’ अशा क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या आतल्या रस्त्यांवरून सकाळची फेरी मारणे हा त्यांचा नेम. पण प्रत्येक गतिरोधकाचा हिसका सरळ हँडलातून थेट मनगटात शिरे, आणि अर्ध्या तासात करंगळी व अनामिका बधिर होत.

यात गूढ काही नाही. सरळ हँडलावर तळहात पालथे राहतात, शरीराचा भार पुढे झुकतो आणि करंगळीकडे जाणारी नस तळव्याच्या कडेशी दबते. मुठी चालकाकडे वळलेल्या असल्या, की तळवे समोरासमोर येतात, कोपरे सैल होतात, भार बैठकीवर सरकतो. बोटे पुरती मिटत नसतील, तर मूठ जाड करून घ्यावी. अर्थात याचेही मोल द्यावे लागते : पाठ ताठ झाली की खड्ड्याचा धक्का कण्याला बसतो, आणि समोरचा वारा अधिक अडवतो.

गृहस्थांची खरी अडचण मात्र निराळी होती. तसले हँडल दूधवाल्याच्या काळ्या सायकलीला शोभते. ते बसवणे म्हणजे म्हातारपण कबूल करणे, असे त्यांना वाटे. इतिहासाची साक्ष याच्या उलट आहे. न्यूरेम्बर्गजवळच्या आल्टडॉर्फ येथील श्टेफान फार्फ्लर या पायांनी अधू असलेल्या घड्याळजीने १६५५ च्या सुमारास हातांनी फिरवायची तीनचाकी गाडी स्वतःसाठी घडवली. कार्ल ड्राइसची दुचाकी आली ती १८१७ मध्ये. अधू देहाच्या गरजेतून जन्मलेले वाहन धडधाकटांच्या दुचाकीहून दीडशे वर्षांनी वडील आहे.

अखेरीस गृहस्थांनी हँडल बदलले. बैठकीहून दोन बोटे उंच बसवून घेतले. वेदना पुरती गेली नाही, फेरी मात्र टिकली. देहाच्या मर्यादेशी भांडण्यात जी शक्ती खर्ची पडत होती, ती आता रस्ता पाहण्यासाठी उरते. चढ फार वाटला, तर ते उतरतात आणि मूठ न सोडता चालू लागतात.