डावे की उजवे?

गेल्या श्रावणात मुळगावी श्रीकेळबाईच्या दर्शनास निघालो असता आमची स्वयंचलित गिअरची मोटार वाटेत एकाच गिअरमध्ये अडकून राहिली. डिचोलीच्या मेस्त्रीने बॅटरी सोडवून गिअरनियंत्रक पेटीचा जोड उपसला. पिनांचा नकाशा आमच्या हाती होता. सोलेनॉइड झडप तपासण्यास १२ व्होल्टचा प्रवाह कोणत्या पिनेस द्यावा, हे आम्ही मोठ्या ऐटीने सांगितले. तो थबकला.

"बाब, हे चित्र तारांच्या बाजूने काढलेले. आपण पाहतो तोंडाकडून. डावे ते उजवे झाले."

आम्ही दाखविलेली पिन वेगसंवेदकाची होती. तो जळून गेला असता! ओलीने हिरवी पडलेली खरी पिन त्याने पुसली. गाडी चालू लागली.

देवीपुढे हात जोडताना उमगले: नकाशा खराच होता, आम्ही कोठे उभे आहोत, तेवढे पाहिले नव्हते.