शेवटचे साठ फूट

आपल्याकडे पाण्याची चर्चा धरणापासून सुरू होते आणि गच्चीवरच्या टाकीपाशी संपते. खडकवासल्यात किती टीएमसी उरलंय, यावर कुणीही अर्धा तास बोलेल. पण टाकीपासून स्वयंपाकघरातल्या नळापर्यंतच्या शेवटच्या पन्नास-साठ फुटांबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. आणि खरी गंमत तिथेच आहे!

हे माझ्या डोक्यात शिरलं ते ताईमुळे. ती पाच महिन्यांच्या बाळाला घेऊन दोन महिने राहायला येणार होती, आणि बाळाचं पावडरचं दूध आमच्याच पाण्यात कालवलं जाणार होतं. आमची बिल्डिंग जुनी, पाईप जीआयचे. सकाळी नळ सोडला की आधी थोडं लालसर पाणी येतं. आई म्हणते, "जरा वाहू दे, मग येतं स्वच्छ."

जीआय म्हणजे लोखंडी पाईपला जस्ताचा मुलामा. पाणी वर्षानुवर्षं तो मुलामा खातं, मग लोखंड उघडं पडून गंजतं. गंज पाण्यातला क्लोरीनही खातो. म्हणजे जंतू मारायला घातलेलं औषध नळापर्यंत पोचेस्तोवर कमी होत जातं.

पण माझी झोप उडवली शिशानं. 'प्लंबर' हा शब्दच शिशाच्या लॅटिन नावावरून, 'प्लंबम'वरून आलाय. आपल्या घरांत शिशाचे पाईप सहसा नसतात, पण पितळी नळांत ते असू शकतं, कारण थोडं शिसं मिसळलं की पितळ कापायला सोपं जातं. शिवाय पीव्हीसी पाईप बनवताना उष्णतेनं खराब होऊ नये म्हणून शिशाची संयुगं वापरली जायची. आपल्याकडे त्यावर निर्बंध घालणारे नियम २०२१ मध्ये आले. लहान मुलांच्या मेंदूसाठी शिशाचं सुरक्षित असं प्रमाणच नाही.

पाईप तोच राहिला तरी धोका तोच राहतो असंही नाही. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरानं २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला आणि गंजरोधक रसायन घातलं नाही. जुन्या पाईपांतलं शिसं थेट घराघरांत पोचलं. आपल्या भाषेत सांगायचं तर कोडला हात लावला नाही, फक्त खालची लायब्ररी बदलली, आणि प्रॉडक्शन कोसळलं!

"आपला टीडीएस ७० आहे, काही काळजी नको," असं शेजारच्या काकांनी मीटर दाखवून सांगितलं. आता गणित बघा. पिण्याच्या पाण्यात शिशाची भारतीय मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. मीटर मोजतो एकेक मिलिग्रॅमच्या टप्प्यानं. म्हणजे शिसं मर्यादेच्या दहापट झालं तरी आकडा ७० च दिसणार. डॅशबोर्ड हिरवागार आणि सर्व्हर जळतोय, त्यातला प्रकार. बरं, उकळूनही शिसं जात नाही. उलट वाफ गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं.

मग मी दोन बाटल्या भरल्या. एक सकाळची, नळ सोडल्याबरोबरची. दुसरी पाच मिनिटं पाणी वाहू दिल्यावरची. दोन्ही लॅबला दिल्या. फक्त पहिलीत धातू जास्त निघाले तर दोष बहुधा नळाचा किंवा घरातल्या पाईपांचा. दोन्हींत सारखेच असतील तर त्यामागे शोधायचं. रिपोर्ट आला. शिसं दोन्हींत मर्यादेच्या आत (हुश्श!), पण पहिलीत लोखंड दुसरीच्या कितीतरी पट.

रिपोर्ट घेऊन सोसायटीच्या मीटिंगला गेलो. "आम्ही चाळीस वर्षं हेच पाणी पितोय, काय झालं आम्हाला?" इति काका. काकांना मी मानतो, पण काका पाच महिन्यांचे नाहीत आणि पाईपही आता चाळीस वर्षांपूर्वीचा राहिलेला नाही. पाईप बदलायचा ठराव पुढच्या मीटिंगवर ढकलला गेला.

असो. तोवर घरात नियम केलेत: सकाळचं पहिलं पाणी बादलीत, ते फरशीला. गीझरचं पाणी पिण्या-रांधण्याला अजिबात नाही, गरम पाण्यात धातू जास्त विरघळतात. नळाच्या तोंडाची जाळी दर महिन्याला साफ. आणि नवे पाईप घेताना शिसेविरहित असल्याचा शिक्का बघायचा, भले दुकानदार वैतागला तरी. ताई रविवारी येतेय. तुमच्या घरातले पाईप कशाचे आहेत, ठाऊक आहे?