पूर्वेला डोंगर, पश्चिमेला खाडी

चार दिशा शिकायला नवी मुंबईतल्या रबाळ्यासारखी जागा नाही. पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला ठाण्याची खाडी. मधून दोन समांतर रेघा जातात, एक ठाणे-बेलापूर रस्त्याची आणि एक रेल्वेची, दोन्ही उत्तर-दक्षिण. उत्तरेला ऐरोली, दक्षिणेला घणसोली. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं राहा, असं तिसरीत शिकवतात. इथलं पोर डोंगराकडे तोंड करून उभं राहतं, कारण सूर्य डोंगरावर चढून यायला जरा उशीरच लावतो आणि शाळेची घंटा त्याच्यासाठी थांबत नाही. डावा हात ठाण्याकडे, उजवा वाशीकडे, पाठ खाडीकडे. एवढं जमलं की दिशांचा धडा संपला, निदान परीक्षेपुरता तरी.

मला सगळ्या इयत्तांत तिसरी आवडते. पहिली-दुसरीत मूल अक्षराशी झटत असतं. चौथीत शिवाजी महाराज येतात आणि त्यांच्यापुढे बाकीचे विषय फिके पडतात, पडायलाच हवेत. पुढे तासागणिक शिक्षक बदलू लागतात आणि गणिताच्या बाई इतिहासाबद्दल बोलेनाशा होतात. तिसरीत मात्र अक्षर नुकतं हाताशी आलेलं असतं, दिवसभर बाई एकच असतात, आणि मराठी, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास, चित्रकला, कवायत सगळं त्यांच्याच तोंडून निघतं. पालिकेच्या शाळेत शिकवणाऱ्या ओळखीच्या एक बाई म्हणाल्या, "वेळापत्रक भिंतीवर असतं हो. गणिताच्या तासाला पाण्याचं निघतं, पाण्याच्या तासाला गणित निघतं. मी तरी किती अडवू?" अडवू नये, असं माझं मत.

सरकारी कागदांनीही तिसरीला उंबरठ्याचा मान दिला आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी मिळून पायाभूत टप्पा केला आणि तिसरीपासून पुढचा टप्पा धरला. 2021 च्या जुलैत सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, साधे हिशेब यावेत, असं ठरवलं, आणि त्याला 2026-27 ची मुदत घातली. 2024 च्या 'असर' या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुलं चारांत एकाहून जेमतेम जास्त निघाली. पाहणी खेड्यांची आहे, रबाळे तिच्यात येत नाही. पण रबाळ्यात येणारी पोरं खेड्यांतूनच येतात, कुणी मराठवाड्यातून, कुणी उत्तर प्रदेशातून, कुणी विजापूर-गुलबर्ग्याकडून. वर्षाच्या मध्येच एखादं नाव हजेरीत चढतं, एखादं गळतं. म्हणून नवी मुंबई महापालिकेला मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी अशा चारी माध्यमांच्या शाळा चालवाव्या लागतात. गावठाणातल्या पोराच्या घरी आगरी, वर्गात पुस्तकी मराठी, गल्लीत हिंदी, आणि फळ्यावर इंग्रजी. 2000 सालापासून आपल्याकडे पहिलीपासूनच इंग्रजी आहे. माझ्या तिसरीत ते नव्हतं, पाचवीत भेटायचं. आठ वर्षांचं मूल चार भाषांतून ये-जा करतं आणि आपण त्याला 'भाषेत कच्चा' असा शेरा मारतो.

आता परिसर अभ्यास. गावाबाहेरचं जग पोराच्या हातात पहिल्यांदा पडतं ते इथे. तिसरीचं हे पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याला वेगळं असतं. पाठ्यपुस्तकांच्या बाबतीत एवढी शहाणी गोष्ट आपण क्वचितच केली असेल. अहिल्यानगरच्या पोराने आधी आपल्या जिल्ह्यातल्या नद्या शिकाव्यात, सिंधुदुर्गाच्या पोराने आपला किनारा. पण रबाळ्याच्या पोराची इथे पंचाईत होते. पत्त्यात नवी मुंबई, जिल्हा ठाणे. मुंबई खाडीपलीकडे, तिचे दोन जिल्हे वेगळेच. आणि हीच नवी मुंबई दक्षिणेला खारघरपर्यंत गेली की जिल्हा रायगड होतो. "बाई, मग आपण नक्की कुठले?" हा प्रश्न कोणत्याही प्रश्नपत्रिकेत नसतो, पण दर वर्षी वर्गात कुणीतरी विचारतंच.

2014 च्या जूनमध्ये तिसरीची नवी पुस्तकं आली आणि त्याच वर्षी 1 ऑगस्टला ठाणे जिल्ह्याचे दोन तुकडे झाले. पंधरा तालुक्यांपैकी आठ पालघरकडे गेले, सात उरले. डहाणूचे चिकू गेले, वसईची केळी गेली, जव्हारचा राजवाडा गेला, वारल्यांची चित्रं काढलेल्या कितीतरी भिंती गेल्या. शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण, अंबरनाथ, उल्हासनगर आणि ठाणे राहिले. पंधरा वजा आठ बरोबर सात, ही वजाबाकी पोरांना दुसरीतच येते. एका रात्रीत जिल्ह्याचा नकाशा अर्धा होऊ शकतो, हे मात्र त्यांना कळलं आणि मला वाटतं नकाशाबद्दल शिकण्यासारखं तेच सगळ्यात मोठं आहे. पोरांनी काढलेल्या नकाशांतही असंच होतं. ठाण्याहून रबाळ्याकडे निघालेल्या गाडीचं पुढचं स्टेशन वर्षानुवर्षं ऐरोली होतं. 2024 च्या जानेवारीत मध्ये दिघा गाव उघडलं. थोरल्या बहिणीच्या वहीतला नकाशा धाकट्याला उतरवून चालत नाही.

पाणी कुठून येतं? नळातून, असं सगळी पोरं एका सुरात सांगतात. त्याच्या मागे जायला लावणं हे तिसरीचं काम. महापालिकेचं पाणी मोरबे धरणातून येतं. हे धरण रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात, धावरी नदीवर आहे, आणि ते महापालिकेच्या स्वतःच्या मालकीचं आहे. एमआयडीसीच्या जलवाहिन्यांत येणारं पाणी बदलापूरजवळच्या बारवी धरणाचं. रबाळ्यासारख्या ठिकाणी, जिथे वसाहत, गावठाण आणि कारखाने एकमेकांना खेटून आहेत, तिथे एकाच बाकावर दोन नद्यांचं पाणी प्यायलेली दोन पोरं बसलेली असू शकतात. तिसरं पोर म्हणतं, "आमच्याकडे टँकर येतो." ते उत्तर चूक कसं ठरवायचं? पुस्तकात नसलं तरी ते सर्वांत खरं आहे.

गणितात तिसरीला भागाकार भेटतो. फळ्यावर पेरू नाहीतर बोरं वाटून तो शिकवतात. रबाळ्यात एमआयडीसीच्या पोरांना तो घरातच मिळतो. दिवसाचे चोवीस तास, पाळ्या तीन, एका पाळीचे तास आठ. बाबांची नाइट असली की दुपारी घरात आवाज करायचा नाही, हे त्या भागाकाराचं व्यवहारातलं उत्तर. वजन-मापांचंही तसंच. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला शंभर ग्रॅम तांदूळ धरलेला असतो. वर्गात चाळीस पोरं असतील तर चार किलो. हजार ग्रॅमचा एक किलो हे खिचडीच्या दिवशी सांगितलं तर परत सांगावं लागत नाही.

पण गणिताचा खरा धडा गावठाणात आहे. तिसरीत अपूर्णांक म्हणजे अर्धा, पाव आणि पाऊण. रबाळे, गोठिवली, तळवली, घणसोली या गावांतल्या पोराने मात्र या तिघांच्याही आधी एक अपूर्णांक ऐकलेला असतो, साडेबारा टक्के. लग्नाच्या पंगतीत, गणपतीच्या आरतीनंतर, ओटीवरच्या भांडणात तो निघतोच. 1970 साली सिडको आली, नव्या शहरासाठी जमिनी घेतल्या गेल्या. त्याच्या आधीच या पट्ट्यात एमआयडीसीने काही घेतल्या होत्या. भातशेती, मिठागरं, खाजणं कागदावर गेली. 1984 च्या जानेवारीत उरण तालुक्यात आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत देण्याची योजना आली.

टक्केवारी शाळेत फार उशिरा येते. पण शंभराचा अर्धा पन्नास आणि पन्नासाचा पाव साडेबारा, हे तिसरीच्या पोराला जमतं. म्हणजे आठवा हिस्सा. आठ गुंठे गेले तर एक गुंठा परत. त्यातूनही सार्वजनिक सोयींसाठी कापतात ते वेगळं. मग पोर विचारतं, "आजोबा, सात गुंठे कुठे गेले?" आजोबांना उत्तर हाताने दाखवता येतं. रस्ता, रेल्वेचे रूळ, सोसायट्या, कंपन्यांची गोदामं. आणि कदाचित नातू बसतो ती शाळाही. मोबदला मिळाला होता, पण तो किती मिळाला ते आजोबा पोरासमोर सांगत नाहीत. गणित, इतिहास, नागरिकशास्त्र आणि भूगोल एकाच गुंठ्यात कसे मावतात हे दाखवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही. पाठ्यपुस्तकात ते छापून येणार नाही. आलं तर निम्मे पालक आक्षेप घेतील आणि निम्मे आपल्या फायली घेऊन शाळेत येतील.

ज्ञानेंद्रियांचा धडाही इथे नाकाने शिकावा. हिवाळ्यात सकाळी वारा डोंगराकडून येतो आणि सोबत कारखान्यांचा वास आणतो. दुपारनंतर तो खाडीकडून येतो आणि चिखलाचा, तिवरांचा, सुकवलेल्या मासळीचा वास आणतो. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते आणि लवकर निवते, म्हणून वारा दिशा बदलतो. हे विज्ञान वरच्या इयत्तेत येईल, पण वासावरून दिशा ओळखणं रबाळ्याच्या पोराला आजच येतं. स्वच्छ हवा म्हणजे काय, या प्रश्नाचं उत्तर लिहिताना त्याने पेन्सिल थोडी जास्त वेळ तोंडात धरली तर बाईंनी समजून घ्यावं.

त्याच खाडीत फ्लेमिंगो येतात. ठाणे खाडीचा काही भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि 2022 मध्ये खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ऐरोलीला वनविभागाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथे शाळांच्या सहली जातात. पण माझ्या माहितीतल्या एका कोळणीच्या नातवाला तिथे नवं फार काही कळलं नाही. निवटी चिखलावर कशी उड्या मारते, चिंबोरी कुठल्या भरतीला मिळते, हे त्याला घरून येतं. प्राण्यांच्या प्रकारांच्या तक्त्यात त्याने निवटी कुठे लिहायची ते विचारलं. पाण्यात राहते आणि चिखलावर चालते. बाईंनी दोन्ही रकान्यांत लिही म्हटलं. मला हा निर्णय फार आवडला.

तिसरीच्या पुस्तकांत घरच्या मोठ्यांना विचारून या, असं जागोजागी असतं. त्या ओळी पालक सर्रास ओलांडून जातात. वेळ नसतो, किंवा उत्तर गुणांत मोजलं जात नाही म्हणून. रबाळ्यातल्या नव्या सोसायटीत राहणाऱ्या पालकांना तर वाटतं की आपण इथले नाही, आपण काय सांगणार? त्यांनी आपल्या सुरक्षारक्षकाला, भाजीवाल्या मावशींना, गावठाणातल्या एखाद्या आजोबांना विचारावं, आणि पोराला सोबत न्यावं.

जिल्हावार परिसर अभ्यासाची ही पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. तुमच्या जिल्ह्याचं पुस्तक मिळालं तर उघडा, नकाशाचं पान काढा आणि तुम्ही राहता ती जागा त्यावर कुठे येते ते शोधा. नसेल तर पेन्सिलीने लिहून ठेवा आणि पोराला दाखवा.