चित्राला शब्द हवेत

वेब पेजवर फोटो टाकणं म्हणजे एका ओळीचं काम! १९९३ साली मार्क अँड्रीसनने 'आयएमजी' टॅग सुचवला अन् मोझॅक ब्राउझरमध्ये मजकुराबरोबरच चित्रं दिसू लागली. टॅगमध्ये फोटो नसतोच. 'एसआरसी'त फक्त त्याचा पत्ता. फाइल हलली की चौकट रिकामी! पण मला भावतो तो 'ऑल्ट'. माझ्या मावशीला दिसत नाही. तिचा स्क्रीन रीडर ऑल्टमधले शब्द वाचून दाखवतो. घरच्या फोटोंचं पान केलं तेव्हा मी त्यात लिहिलं, 'आजी अंगणात पापड वाळत घालतेय.' ऐकून मावशी हसली, "आईने पदर खोचलाच असेल बघ!" फोटोत खरंच खोचलेला होता. पाच शब्दांत तिला अख्खं अंगण दिसलं! म्हणून सांगते, फोटो टाकाल तेव्हा ऑल्ट विसरू नका.