एक मॉप कमी

माझ्या बॅचची मंडळी दर दोन-तीन वर्षांनी कंपनी बदलतात. भेटले की हमखास विचारतात, "तू अजून तिथेच?" हो बॉस, १९ वर्षं तिथेच. ओटीत! 'ओटी टेक्निशियन' म्हटलं की लोकांना वाटतं, हा लाइट लावतो, टेबल वर-खाली करतो. तेही करतोच म्हणा.

पण खरी कसोटी मोजण्याची. मॉप, सुया, अवजारं आधी मोजायची, पोट बंद करण्याआधी पुन्हा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८च्या चेकलिस्टमध्येही पेशंट ओटीबाहेर जाण्याआधी मोजणी पूर्ण झाल्याचं तोंडी सांगायचं असतं. वाचायला एकदम सोपं! प्रत्यक्षात रात्रीचे दोन, थकलेले सिनिअर सर्जन, हातात सुई. अशा वेळी तोंड उघडायची हिंमत कुठल्या कोर्समध्ये मिळत नाही. मला सात-आठ वर्षं लागली.

मागच्या पावसाळ्यात म्हटलं, "सर, थांबा. एक मॉप कमी आहे."

"नीट मोज."

मोजले. नऊच. दहा हवे होते.

सर वैतागले, पण हात पुन्हा आत गेला. लिव्हरच्या मागून रक्ताने भिजलेला दहावा निघाला. त्यावर ते काहीच बोलले नाहीत. पुढच्या केसला मात्र टाके घालण्याआधी त्यांनीच माझ्याकडे बघून विचारलं, "काउंट?"