आधी एम.एस्सी. की आधी ‘नीट’?

बी.एस्सी. झाल्यावर एम.एस्सी. करून मग वैद्यकीय प्रवेशाकडे वळावे, की थेट ‘नीट’ला बसावे, असे आपल्या वसतिगृहातील धाकटे बंधू मला वारंवार विचारतात. मी हा प्रश्न शिवाजी पेठेतील भाड्याच्या खोलीत सोडविला. न्यू कॉलेजातून प्राणिशास्त्राची पदवी घेतली होती आणि विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळत होता.

आप्पांचा कल एम.एस्सी.कडे होता. “प्राध्यापकी तरी हाती राहील,” असे ते म्हणत. आयुष्यभर दुसऱ्याच्या उसाला पाणी पाजलेल्या माणसाला हातचे सोडून पळत्यामागे लागणे कसे रुचावे? शिवाय 2022 मध्ये ‘नीट’ची कमाल वयोमर्यादा उठल्याने थांबायला मुभाही होती. पण हिशेब मांडला तेव्हा चित्र निराळे दिसले. ‘नीट’चे 720 गुण अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमावर असतात, एम.एस्सी.चा त्यात एकही धरला जात नाही. एम.बी.बी.एस.ची, आंतरवासितेसह, साडेपाच वर्षेही त्यामुळे कमी होत नाहीत. उलट त्या दोन वर्षांत बारावीचे भौतिकशास्त्र तेवढे विसरलो असतो. संशोधनाची ओढ असती तर गोष्ट वेगळी. माझी ओढ रुग्णसेवेची होती.

बाबासाहेबांनी पदवीवर पदवी मिळविली, हा दाखला आपल्याकडे घरोघरी देतात. त्यामागची मुदतीची आणि पैशाची ओढाताण मात्र क्वचितच सांगितली जाते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. 1920 मध्ये ते पुन्हा गेले, ते सिडनहॅम महाविद्यालयाच्या पगारातील शिल्लक आणि शाहू महाराजांसह स्नेह्यांचे साहाय्य यांच्या बळावर.

माझ्या पाठची बहीण तेव्हा दहावीत होती. तिच्या वाट्याचे खर्चून मला शिकायचे नव्हते. मी आप्पांकडे एकच वर्ष मागितले. खोलीचे भाडे शिकवण्या घेऊन भरीन, जागा न मिळाल्यास एम.एस्सी. करीन, असे सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, “वर्ष म्हणजे वर्षच ना?”

पेठेत फुटबॉलचा हंगाम आला की अभ्यास करणे ही तपश्चर्याच असते! ती पार पडली आणि शासकीय महाविद्यालयात जागा मिळाली. माझे वर्गमित्र माझ्याहून चार वर्षांनी लहान आहेत. मला ‘दादा’ म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली ऊती ओळखायच्या तासाला मात्र सारे माझ्याच टेबलाभोवती जमतात.